डाव्या पायाचा बूट

...नाही, मला एवढंच सांगा, बरं होणं हा गुन्हा आहे का? माणूस आजारी पडला तर गाव रडतं, माणूस बरा झाला तर गाव हसायला नको? आमचं गाव फुगून बसलंय हो! पोस्टातली बाई मला पत्रं देते ती अशी, दोन बोटांनी, जशी काही मेलेली उंदरं देतेय! का? तर माझा डावा पाय सुधारला! आता बोला!

तुम्ही आज पहिल्यांदाच आलात ना? मग ऐका. जाल कुठे, हाताला सुई आहे तुमच्या. एक तास ही पिशवी थेंब थेंब गळणार, नंतर एक तास 'काही होत नाही ना' म्हणून बसवून ठेवणार. माझी आजची बारावी. दर अठ्ठावीस दिवसांनी एक. ती मारीसेल आहे ना, नर्स, सगळ्यांना सर म्हणते, ती आत्ता येऊन ओरडेल, "सर लोर्न, हात सरळ! सर लोर्न, नवीन पेशंटला घाबरवू नका!" मी घाबरवतोय का तुम्हाला? मी फक्त माझं गाऱ्हाणं सांगतोय.

तर मी लोर्न प्रोकोपिव, मुक्काम कॉर्डेल क्रीक, इथून दोन तास उत्तरेला. एकतीस वर्षं गावच्या कर्लिंग क्लबात बर्फ करतो. कर्लिंग माहिती असल्यासारखी मान हलवताय, पण तुम्ही टोरांटोकडचे दिसता, तुमचं खरं नाही. वीस किलोचा गुळगुळीत दगड, दीडशे फूट लांब बर्फाची पट्टी, दगड ढकलायचा आणि पलीकडच्या रिंगणात नेऊन थांबवायचा. पुढे झाडूवाले बर्फ घासत पळतात. संपलं. बाकी सगळा आरडाओरडा. लोक म्हणतात खेळ खेळाडूंचा. खोटं! खेळ बर्फ करणाऱ्याचा! कारण सपाट, आरशासारख्या बर्फावर दगड सरकतच नाही, निम्म्यात बसकण मारतो, चिकटतो! म्हणून बर्फावर दाणे पाडावे लागतात. पाठीवर गरम पाण्याची टाकी, हातात नळी, नळीच्या तोंडाला बारीक भोकांची झारी, आणि उलटं चालायचं. उलटं! एक पाऊल मागे, मनगट डावीकडून उजवीकडे, एक पाऊल मागे, मनगट उजवीकडून डावीकडे... थेंब पडतात, तिथल्या तिथे गोठतात, दगड त्या दाण्यांच्या टोकांवरून लोण्यासारखा जातो. म्हणजे माझा जन्मभराचा धंदा काय? चिकटू न देणं! आणि मला रोग झाला तो कसला? चिकटण्याचा! तुम्हाला सांगतो, सगळा घोळ चिकटण्याचा आहे!

तर झालं काय, दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट, माझा डावा पाय जड व्हायला लागला. जड म्हणजे दुखत नाही, खुपत नाही, नुसता मागे राहतो. मी पुढे, तो मागे. बूट वाईट असतील म्हटलं. नवे घेतले. तेही वाईट निघाले! तिसरे घेतले. माझी बायको डार्लीन म्हणाली, "लोर्न, बूट सगळे वाईट आणि पाय तेवढा चांगला, असं कसं रे?" मी म्हटलं, गप्प बस, कंपन्या हल्ली कचरा विकतात. डॉक्टरकडे? छे! आमच्याकडे माणूस डॉक्टरकडे जातो तो पेरणी झाल्यावर, कापणी झाल्यावर, स्पर्धा झाल्यावर, म्हणजे कधीच नाही. शिवाय खरं सांगू? मला भीती वाटत होती. उलटं चालता आलं नाही तर मी कोण? सत्तावन्न वर्षांचा एक टकला, दुसरं काय!

आणि त्याच हिवाळ्यात चमत्कार! आमच्या क्लबाने जिल्ह्याचा कप जिंकला! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा! कप नेहमी आमच्याकडेच खेळतात, चार पट्ट्या आमच्याच क्लबात आहेत, त्यामुळे दरवर्षी आम्ही जेवण करायचं, आम्ही बर्फ करायचा आणि मॅकॅबी गावाने येऊन कप घेऊन जायचं, अशी प्रथाच पडली होती. तो कप आमचा कर्णधार वेंडेल फ्रीसन याने डोक्यावर घेऊन पार्किंगमध्ये नाचवला, उणे एकतीसमध्ये, टोपी न घालता! पुढच्या हिवाळ्यात परत जिंकला! माझी इतकी वट वाढली म्हणता... कॅफेत शिरलो की कॉफी पुढे. वेंडेल माझ्या पाठीवर थाप मारून डोळा मिचकावतो, "लोर्न, तू आहेस म्हणून!" मला वाटायचं, वा, अखेर बर्फवाल्याची कदर झाली! एकोणतीस वर्षं लागली, पण झाली!

आणि दुसऱ्या कपानंतर आठच दिवसांनी, मार्चात, मी पडलो. उलटा चालत असताना डावा पाय आलाच नाही. मी टाकीवर आडवा, उताणा, कासवासारखा, हातपाय हवेत, नळी उभी, आणि झारीतून पाऊस माझ्याच अंगावर! दहा मिनिटांनी डार्लीन डबा घेऊन आली, तर माझ्या जाकिटावर, मिशांवर, सगळीकडे दाणे गोठलेले. मला म्हणते काय, "अरे देवा, आता स्वतःवर पण दाणे पाडायला लागलास?" मग जवळ येऊन बघितलं, पाय हलत नाही. तेव्हा मात्र तिचा चेहरा... असो. तिने मला ट्रकमध्ये कोंबलं आणि इथे सॅस्काटूनला आणलं, दोन तास एक शब्द नाही. डार्लीन गप्प म्हणजे प्रकरण गंभीर.

डोकं त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये घातलं, फोटो काढले, फोटोत मेंदूवर पांढरे ठिपके. डॉक्टरीणबाई तरुण, आमच्या धाकटीच्या वयाची. म्हणाल्या, मल्टिपल स्क्लेरोसिस. मग कागद ओढला, नळी काढली. "मिस्टर प्रोकोपिव, ही रक्ताची नळी. यातून पांढऱ्या पेशी गडगडत जातात, त्या शरीराचे पहारेकरी. एरवी त्या भिंतीला धरत नाहीत, सरळ निघून जातात. पण नळीला सूज आली की भिंतीवर कड्या उगवतात, आणि पेशीच्या अंगावर असतात आकडे, त्यांचं नाव इंटिग्रिन. आकडा कडीत अडकला की पेशी हळू होते, लोळते, थांबते, गच्च चिकटते... आणि फटीतून घुसते मेंदूत. आत तुमच्या मज्जातंतूंवर आवरण असतं, वायरीवर असतं तसं. पहारेकऱ्याला ते परकं वाटतं. तो कुरतडत बसतो."

आपलाच पहारेकरी! आपल्याच घरात! आपलीच वायर! मी म्हटलं, डॉक्टरीणबाई, म्हणजे नळीतला दाणा गेलाय. दगड निघून जायला पाहिजे, तो निम्म्यात बसकण मारतोय. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हे वाक्य मी दुसऱ्या पेशंटना सांगू का?" म्हटलं, खुशाल सांगा, पण मला एक सांगा, मी उलटं चालेन का? त्या म्हणाल्या, "जे कुरतडलंय ते हे औषध दुरुस्त करणार नाही. औषध फक्त आकड्यांवर टोप्या चढवतं. नवे चिकटणार नाहीत. मग शरीर आपलं आपण किती सावरतं ते बघायचं." खोटी आशा नाही, उगाच थाप नाही. आवडल्या मला.

आणि सहीसुद्धा घेतली माझी! कारण पहारेकरी मेंदूत जायचेच बंद झाले तर तिथे झोपलेला एखादा जंतू जागा होऊ शकतो, क्वचित, पण होतो. म्हणून दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं. तुमचंही घेतील. पहारेकरी ठेवावा तर तो घर खातो, काढावा तर चोराला मोकळं रान. मी सही केली. बाहेर आलो, ट्रकमध्ये बसलो आणि रडलो. हो, रडलो, लाजायचं काय त्यात. डार्लीनने माझा हात धरला आणि म्हणाली, "बर्फ दुसरं कोण करणार लोर्न? त्या वेंडेलला तर घरच्या फ्रीजमध्येसुद्धा बर्फ जमत नाही." तेव्हा मी रडता रडता हसलो.

बातमी गावात आमच्या आधी पोहोचली. आणि मग सुरू झाले डबे! टूना-नूडल, वर बटाट्याच्या वेफर्सचा चुरा. पेरोगी, सारण भरून उकडलेले, बटाट्याचे, चीजचे, आंबट कोबीचे. ॲपल-पाय. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव, म्हणजे भांडं परत गेलंच पाहिजे, म्हणजे ते न्यायला माणूस येणारच, म्हणजे आला की बसणारच! बसला की उठायचं नाव नाही! मी डार्लीनला म्हटलं, तुला सांगतो, हे सगळे आकडेवाले आहेत, आपल्या सोफ्याला कड्या उगवल्यात! तुम्हाला सांगतो, सगळा घोळ चिकटण्याचा आहे!

मग ऑक्टोबरात कमिटीची सभा. मी स्वतःच गेलो. म्हटलं, मंडळी, माझा पाय अजून ओढतो, पाऊल टाकलं की कंबर खचते, मनगटाला झटका बसतो, तुम्ही दुसरा माणूस बघा. तर वेंडेल ताडकन उभा! "दुसरा माणूस? या क्लबाचा बर्फ लोर्न करेल! जसा करत आलाय तसाच करेल! लोर्न, पायावर अजिबात जोर देऊ नकोस, जसं चालता येतं तसंच चाल!" टाळ्या! सगळे उभे! घरी येऊन डार्लीनला म्हटलं, काय माणसं आहेत गं ही! ती म्हणाली, "मला काहीतरी वास येतोय." तिला नेहमीच येतो.

...हो मारीसेल, हात सरळच आहे. बघा, आली ना? काय म्हणालीस? आवाज कमी? हा कमीच आहे!

तर सातवी पिशवी झाली, आठवी झाली. नवा ठिपका नाही, नवा झटका नाही. आणि डिसेंबरात एका सकाळी मी मोजे घालत होतो, तर डाव्या पायाचा अंगठा मला जाणवला! गार होता! जमीन गार लागली हो! मी ओरडलो, डार्लीन, पाय गार पडलाय! ती धावत आली घाबरून, मी नाचतोय! मग रोज आमच्या घराच्या बोळकांडीतून उलटं चालायची तालीम. पाठीवर पिठाची पिशवी, हातात झाडांना पाणी घालायची झारी, रिकामी. डार्लीन टोकाला खुर्ची टाकून विणत बसायची आणि मोजायची, "डावा ओढलास... डावा ओढलास... बरा... बरा... अरे, बरा!" क्लबात मात्र मी भीत भीतच चालायचो, जुन्याच खोडीने, खुरडत. पाय आला होता, विश्वास आला नव्हता.

आणि मग उजाडला कपाचा दिवस. सकाळी सात वाजता क्लबात मी एकटा. टाकी भरली, पाठीवर घेतली, आणि म्हटलं, लोर्न, आज नाही तर कधी? एक पाऊल मागे... मनगट... एक पाऊल मागे... मनगट... आणि सांगतो, पाय आला! दीडशे फूट! डावा, उजवा, डावा, उजवा, घड्याळासारखा! चारही पट्ट्या! तिसऱ्या पट्टीवर मी गायला लागलो, मला गाता येत नाही तरी! इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता, हे डार्लीनला सांगू नका. दाणे असे पडले होते, एकसारखे, दिव्याखाली बघितलं तर डोळे निवले. एकतीस वर्षांतला माझा सर्वांत सुंदर बर्फ!

आणि आम्ही हरलो. हरलो म्हणजे? अकरा-एक! आठ डावांचा सामना, पाचव्यालाच हात मिळवून बाहेर! वेंडेल दगड टाकतो तो रिंगणाच्या चक्क उजवीकडे दोन हात! मी काचेमागे, मला कळेना, हा दारू पिऊन आलाय का? दगड सरळ गेला, गेला, उजवीकडूनच रिंगणाबाहेर! दुसरा तसाच! तिसरा तसाच! वेंडेल बर्फावर गुडघे टेकून बर्फाकडे असा बघतोय जसं काही बँकेने घर काढून घेतलंय! आणि प्रत्येक दगडानंतर मान वर करून माझ्याकडे बघतोय!

आमच्याकडे रीत आहे, जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला पहिला पेला पाजायचा. तर वरच्या खोलीत सगळे बसलोय, मॅकॅबीची कर्णधार ग्लेंडा मला म्हणते, "लोर्न, अख्ख्या प्रांतात असा बर्फ नाही. गेली दोन वर्षं तुला काय झालं होतं?" मी छाती फुगवतो तोवर वेंडेलने टेबलावर एक वही आपटली. "दगाबाज!" मी म्हटलं, कोण? "तू! दोन वर्षं आमच्यासाठी केलंस, यंदाच का नाही केलंस?" मी म्हटलं, काय केलं? "वाकडा बर्फ!"

मी वही उघडली. तारीखवार! 'तिसरी पट्टी, शेवटचे वीस फूट, दगड डावीकडे दोन हात ओढतो. उजवीकडे टाकणे.' 'पहिली पट्टी, मधोमध, थोडा डावीकडे.' पानंच्या पानं! मी वाचतोय आणि माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडतोय. शेवटचे वीस फूट, म्हणजे मी दमायचो तिथे. डावा पाय ओढला की मनगटाला झटका, झटक्याने जाड थेंब एकाच अंगाला. तो बर्फ वाकडा नव्हता हो, तो माझा पाय होता! माझा रोग तिथे लिहिला होता, रोज ताजा, दिव्याखाली, आणि सगळं गाव त्यावरून दगड टाकत होतं! पहिली तारीख नऊ नोव्हेंबर! मी पडलो त्याच्या सोळा महिने आधी! डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, कधी सुरू झालं, मी म्हटलं होतं मार्चात. अहो, वेंडेलला मेंदूच्या फोटोआधी कळलं होतं, फक्त त्याला वाटलं मी गावासाठी लबाडी करतोय!

आणि त्यालाच नाही, सगळ्यांना! पोस्टातली बाई, कॅफेवाला, कमिटी! ती थाप, ते डोळा मिचकावणं, कोणी तोंडावर बोललं नाही कारण बोललं तर लबाडी कबूल करावी लागली असती. आमच्या खेळात पंच नसतो, चालत्या दगडाला आपला झाडू लागला तर आपणच हात वर करून सांगायचं, अशी ही माणसं! दोन वर्षं पोटात दाबून ठेवलं, बिचाऱ्यांना अपचन झालं असेल! आणि मी समजत होतो, माझी कदर झाली!

मी म्हटलं, वेंडेल, अरे तो पाय होता. आजार होता. औषधाने चिकटणं थांबलं, पाय सुधारला, बर्फ सुधारला. तो लाल, मग पांढरा. मग उठला, ग्लेंडासमोर हात वर केला, "दोन कप आमचे नाहीत. आम्हाला माहिती होतं, तुम्हाला नव्हतं." ग्लेंडा म्हणाली, "बर्फ दोघांना सारखाच होता. आम्हाला वाचता आला नाही. बस खाली आणि बिअर पी." मग माझ्याकडे वळली, "आणि तू लोर्न, आजारी होतास तर सांगितलं का नाहीस?" मला हसू आलं, इतकं हसू आलं की पोट धरून बसलो, आणि मग डार्लीन हसली, मग सगळेच हसले, वेंडेल सोडून.

डॉक्टरीणबाईंनी ती वही मागवून घेतली, पानन् पान फोटोकॉपी करून माझ्या फायलीत लावलं. तुम्हाला सांगतो, रिपोर्टात रक्त, मेंदू, आणि खाली कर्लिंग!

पण गाव? गाव फुगलेलं. हसले त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आठवलं की कप गेला. आणि वेंडेलला तर अजून पटतच नाही. तो म्हणतो, "पेशीबिशी मला माहीत नाही. आकडे, कड्या, सगळं थोतांड! तू तेव्हा ते जुने बूट घालायचास. बुटातच आहे ते!" आणि गंमत ऐका, डार्लीनचे डोळे गेल्या वर्षी कमी झाले, लांबची गाडी चालवता येत नाही, तर मला इथे आणतो कोण? वेंडेल! दर अठ्ठावीस दिवसांनी, पहिल्या पिशवीपासून! पहाटे येऊन ट्रक गरम करून ठेवतो, दोन तास येताना कुरकुर, दोन तास जाताना कुरकुर, "बरा झालास, आनंद आहे... पण अकरा-एक, लोर्न? अकरा-एक?" एकदा जरी रस्ता चुकला, एकदा जरी त्याचा ट्रक सुरू झाला नाही, एक पिशवी हुकली, तर काय सांगावं, पाय परत ओढेल, कप परत येईल! पण नाही. वादळ असो, उणे चाळीस असो, एक दिवस इकडचा तिकडे नाही. मी म्हटलं, अरे वेंडेल, तुझ्या हातात आहे सगळं. तर म्हणतो, "तोंड बंद कर आणि पट्टा बांध."

...झाली वाटतं पिशवी. हो मारीसेल, उठत नाही, बसतो तासभर. तो बघा, दारात उभा, लाल टोपी, तोच वेंडेल! काय रे, आत्ताच? कॉफी प्यायची होतीस... हातात काय आहे तुझ्या? पिशवीत काय? ...अहो बघा हो बघा! माझा जुना बूट! डार्लीनकडून मागून आणलाय! अरे, पण एकच? ...डावाच आणलाय फक्त! तुम्हाला सांगतो, मी माझ्या रक्तातल्या लाखो आकड्यांवर टोप्या चढवल्या, पण हा... चिकटलाय हो, चिकटलाय! दे इकडे. दे, घालून बघतो.